झांझिबारीचा बार

मस्कतच्या मराठी माणसांत दयानंद घाडीइतका कमी बोलणारा माणूस दुसरा नाही, आणि त्याने केलाय एवढा मोठा आवाजही आजवर आमच्यातल्या कुणी केलेला नाही. मंडळाच्या गणपतीत आरतीला तो नुसते ओठ हलवतो. त्याचा फोन आला की पहिल्यांदा आपल्याला वाटतं, नेटवर्क गेलं. त्याची बायको कलावती गावी देवगडकडे असते. ती म्हणते, आमच्यात तीस वर्षांत भांडण म्हणून झालं नाही, कारण एकटीने किती वेळ भांडायचं?

मत्रहच्या जुन्या बाजारात सैफ बिन नासर या ओमानी गृहस्थांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. दुकानाच्या पुढच्या भागात पर्यटकांसाठी झगमगाट: खंजीर, चांदीच्या डब्या, धूपदाण्या. मागच्या खोलीत एक ट्यूबलाइट, एक लेथ, एक शेगडी, भिंतभर कानशी आणि एकतीस वर्षांपासून दयानंद. सरकारी परवान्याने इथे जुन्या बंदुका दुरुस्त होतात. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या पणजोबांची. दयानंद त्यांचा गंज काढतो, हरवलेला स्क्रू हाताने घडवतो, तडकलेला दस्ता असा जोडतो की सांधा नखालाही लागू नये. मग मालक येतो, खूश होतो, बंदूक घरी नेतो आणि भिंतीवर टांगतो.

इथेच दयानंदचं दुखणं होतं. ते त्याने एकदाच बोलून दाखवलं, तेही शरीफभाईंच्या घरी, शुक्रवारच्या जेवणात, तिसऱ्यांदा बिर्याणी वाढल्यावर. शरीफ हा श्रीवर्धनचा. त्याच बाजारात त्याचं कापडाचं दुकान, आणि त्याच्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीत दयानंद राहतो.

"शरीफभाय," दयानंद म्हणाला, "लोक माका बंदुकांचो डॉक्टर म्हणतत. मी डॉक्टर न्हय. मी मड्यांका पावडर लावतंय."

शरीफच्या हातातला घास तसाच राहिला. दयानंदच्या तोंडून तीन वाक्यं सलग निघाली, याचाच त्याला धक्का बसला होता. शरीफची बायको रईसा आतून म्हणाली, "दयाभाऊ बरे आहेत ना? ताप बघा."

दयानंदला ताप नव्हता. त्याच्या वडिलांकडे गावी ठासणीची बंदूक होती, शेतीचं रानडुकरांपासून रक्षण करायला परवान्याची. ठासणीची म्हणजे जिच्यात तोंडाकडून आधी दारू, मग गोळी घालायची आणि लांब गजाने ठासायची. वडील शिकारी नव्हते; ते बार भरणारे होते. आजूबाजूच्या तीन वाड्यांतले लोक डुकराच्या पाळीला, म्हणजे शिकारीला, जाण्याआधी आपली बंदूक घाड्यांकडे भरून नेत. असल्या माणसाच्या मुलाने पाचशे बंदुका चकचकीत कराव्यात आणि त्यांतली एकही कधी वाजू नये, म्हणजे आचाऱ्याने जन्मभर भांडी घासावीत आणि फोडणीचा वास कधी घेऊ नये.

तर अशा माणसासमोर एक दिवस झांझिबारी आली.

झांझिबारी म्हणजे दुकानाचे अर्बाब, म्हणजे मालक, सैफ यांच्या पणजोबांनी झांझिबारहून आणलेली ठासणीची विलायती रायफल. तिकडे त्यांनी तिने रानरेडे मारले, असं घरात सांगतात. रानरेड्यांची संख्या दर ईदला वाढते. वजन असं की ती उचलणाऱ्याने आधी घरच्यांचा निरोप घ्यावा. नळीचं तोंड एवढं रुंद की तिची गोळी सुपारीएवढी. चिकणी सुपारी नव्हे, चांगली रोठा सुपारी. नळीत आतून पिळाचे सात आटे, गोळी फिरत जावी म्हणून. साठ वर्षं ती बैठकीच्या भिंतीवर होती. आता अर्बाबांचा मुलगा खल्फान तिला खाली उतरवून दुकानात घेऊन आला होता.

खल्फान हॉटेलांची सजावट करतो. मुलगा हुशार, नम्र, आणि कुठलीही जुनी वस्तू दिसली की तिच्यात बल्ब कुठे बसेल हे बघणारा.

"हिचा उभा दिवा करायचा," खल्फान म्हणाला. "सलालाहच्या एका हॉटेलाच्या लॉबीसाठी. नळी आतून पोकळच आहे, वायर घालायला किती सोपं! वर एक शेड बसवायची."

मागच्या खोलीतून आवाज आला, "अर्बाब, नको."

अर्बाब सैफ वयाने बहात्तर. मत्रहच्या बाजारात वाढलेले, त्यामुळे हिंदी आपल्या बऱ्याच पुढाऱ्यांपेक्षा शुद्ध. त्यांची नि दयानंदची बोलाचाली अर्धी अरबी आणि पाऊण हिंदी. बेरीज चुकते, पण संभाषण चुकत नाही. एकतीस वर्षांत हा माणूस न विचारता प्रथमच बोलला होता.

"काय नको?" त्यांनी विचारलं.

"दिवा नको. ही जिवंत आहे. नळीत भोक पाडलं की मरेल."

"साठ वर्षांत एकदा तरी वाजली आहे का?" खल्फान हसत म्हणाला. "बाबा, मला एक सांगा. आपल्या गावात ईदच्या तिसऱ्या दिवशी जुन्या बंदुकांची निशाणबाजी असते. शंभर पावलांवर पत्र्याची थाळी, तीन बार. हिने तिन्ही लावले तर मी हिला हात लावणार नाही. नाही लावले, तर दिवा."

दुकानात त्या वेळी कॉफी प्यायला आलेले सात-आठ शेजारी बसलेले होते. इतक्या लोकांसमोर कुठला ओमानी बाप माघार घेईल? अर्बाबांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "खलास! ठरलं."

मग मागच्या खोलीकडे बघून हळूच विचारलं, "ए दयानंद, लागेल ना?"

पण दयानंदचा महिन्याचा बोलण्याचा कोटा संपला होता.

बकरी ईदला चार महिने होते. बंदुकीचे आणि दारूचे कागद अर्बाबांच्या नावे झाले. चाप ओढायचा तो फक्त अर्बाबांनी. परक्या देशात दुसऱ्याची बंदूक, हा नियम दयानंदने बायकोच्या शब्दासारखा पाळला. आठवडाभर त्याने नळी आतून घासली, बॅटरीच्या उजेडात एकेक आटा तपासला. मग एका शुक्रवारी सकाळी अर्बाबांची गाडी, झांझिबारी, दयानंद आणि 'मी फक्त बघायला येतो' म्हणणारा शरीफ असे सगळे अर्बाबांच्या चुलतभावाच्या वाडीवर पोचले. डोंगराच्या पायथ्याला ओसाड जागा, समोर मातीचा उंच कडा, बाजूला खजुराच्या झावळ्यांचं कुंपण.

आता दयानंदने काय केलं ते नीट ऐका, कारण ही चूक जगात फक्त कोकणातलाच माणूस करू शकतो. आमच्याकडे बार मोजतात तो बोटांनी. दारू, गोळी, बोळा सगळं ठासून झालं की आत टाकलेला गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटं वर राहतो ते बघायचं. सशाला दोन बोटं, डुकराला चार. दयानंदच्या वडिलांची चार बोटं पंचक्रोशीत मशहूर होती. दयानंदने वडिलांचं स्मरण करून चार बोटं बार भरला. वर बोळा कसला घातला? नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याचा. खास सलालाहच्या बागेतला नारळ मागवून, त्याचं सोडण पिंजून.

नशीब एवढंच की पहिला बार खांद्याला लावून उडवायचा नसतो, एवढी अक्कल त्याला होती. झांझिबारीला दोन ट्रकच्या टायरांना बांधलं, चापाला लांब दोरी लावली आणि सगळे गाडीमागे लपले. अर्बाबांनी दोरी ओढली.

त्यानंतर काय झालं याबद्दल तीन साक्षीदारांची तीन मतं आहेत. आवाज झाला यावर मात्र एकमत आहे. दोन्ही टायर उलटे होऊन झांझिबारीवर बसले. समोरच्या टेकडीवरच्या शेळ्या बहुधा दुसऱ्या प्रांतात गेल्या. धुरातून नारळाच्या सोडणाचे पेटलेले धागे काजव्यांसारखे तरंगत आले आणि कुंपणावर बसले. कोकणात हवा दमट, सोडण विझतं. इथे झावळ्या सहा महिने पाऊस न बघितलेल्या. कुंपण पेटलं. अर्बाबांचा चुलतभाऊ घरातून बादली घेऊन धावला, आणि शरीफ, जो फक्त बघायला आला होता, त्याने स्वतःची नवी लुंगी पाण्यात बुडवून आग विझवली.

"गोळी कुठे लागली?" शेवटी अर्बाबांनी विचारलं.

गोळी सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही.

परतताना गाडीत अर्बाबांचा मोबाइल वाजला. खल्फानने फोनवर विचारलं, कसं झालं? अर्बाब म्हणाले, "आवाज चांगला आहे."

दयानंद तीन दिवस गप्प होता. तो नेहमीच गप्प असतो, पण या वेळी रईसाच्याही लक्षात आलं, म्हणजे बघा. चौथ्या दिवशी त्याने शरीफच्या स्वयंपाकघरातून एक पेला आणि एक पातेलं घेतलं. दोन्हीत चार-चार बोटं पाणी ओतलं, मग दोन्हींतलं पाणी मोजलं. पातेल्यात तिप्पट निघालं. वडिलांची नळी बारीक होती, त्या नळीतली चार बोटं म्हणजे बेताची चिमूट. झांझिबारीच्या नळीत चार बोटं म्हणजे अर्धी दिवाळी.

"शरीफभाय," तो म्हणाला, "बापाशीची बोटां बापाशीच्याच नळयेक."

आणखीही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. वडिलांचं डुक्कर पंधरा पावलांवर यायचं. तिथे गोळीत जोर हवा. इथे शंभर पावलांवर थाळी. इथे जोरापेक्षा दर वेळी अगदी तसंच होणं महत्त्वाचं. एक बार जसा, तसाच दुसरा, तसाच तिसरा. हे काम बंदुकीपेक्षा लेथचं. आणि लेथवर दयानंदला कुणाच्या बापाची भीती नव्हती, स्वतःच्याही.

त्याने पितळेचं एक माप घडवलं, तळाशी आटे असलेलं, फिरवलं की थोडं थोडं लहानमोठं होणारं. सुरुवात केली ती इतक्या कमी दारूने की अर्बाबांनी विचारलं, "ही गोळी चालत जाणार आहे का?"

"शुवै शुवै, अर्बाब. हळूहळू."

दर शुक्रवारी पहाटे निघायचं. खजुराच्या खोक्यांचे पुठ्ठे निशाणाला लावायचे. एका मापाचे पाच बार, मग नवा पुठ्ठा, मग एक आटा वाढवायचा, पुन्हा पाच. सगळ्यात अवघड काम बार भरण्याचं नव्हतं. अर्बाबांना आवरण्याचं होतं. बहात्तर वर्षांत त्यांनी कुठलीच गोष्ट एकेक करून केलेली नव्हती.

"आज दारू वाढवू, गोळी लहान करू, आणि मी जरा डावीकडे नेम धरतो," ते म्हणायचे.

"नाही. आज फक्त दारू."

"का? तिन्ही केलं तर लवकर होईल."

"आणि लागलं तर कशामुळे लागलं ते कसं कळणार?"

"लागलं ना? मग कशामुळे ते काय करायचंय?"

"आणि नाही लागलं तर?"

यावर अर्बाब दाढी खाजवायचे आणि म्हणायचे, "अर्बाब कोण आहे, तू की मी?"

"तुम्ही. पण फक्त दारू."

पुठ्ठे दयानंद घरी आणायचा. त्यांवर मापाचे आटे, हवा, वेळ सगळं लिहायचा आणि खोलीभर दोरी बांधून कपड्यांसारखे वाळत घालायचा. रईसा एकदा पापड वाळत घालायला गच्चीवर गेली आणि खोलीत डोकावून परत आली. "ते बरे आहेत," तिने खाली येऊन सांगितलं, "पण त्यांच्या बायकोला कळवा."

महिनाभरात भोकं ताटाएवढ्या जागेत यायला लागली. पुढे सरकेनात. दारू वाढवली तरी तेच, कमी केली तरी तेच. आणि इथे, वाचकहो, आमचा शरीफ कथेत शिरतो, लुंगी न भिजवता.

गोळी नळीत नुसती टाकत नाहीत. तिच्याभोवती कापडाची चरबी लावलेली चकती गुंडाळतात, म्हणजे ती घट्ट बसते, आटे पकडते. बार उडाला की चकती नळीपासून दहा-बारा पावलांवर पडते. दयानंद त्या जळक्या चकत्या गोळा करून डबीत ठेवायचा. एक दिवस शरीफने सहज डबी उघडली, एक चकती दोन बोटांत चोळली, उजेडाला धरली आणि एकदम चिडला.

"हे मलमल कुणी वापरलं?"

"मी."

"माझ्या दुकानातून घेतलंस?"

"होय."

"आणि मला विचारलं नाहीस! अरे, हे बघ, मध्ये जळलं, कडेला फाटलं. तुझ्या बंदुकीचे आटे हे सरळ चिरतायत. या कापडाचे तर मी लहान मुलांचे सदरे शिवून देत नाही, बाळ रांगलं तरी फाटतं, आणि तू त्यात तोफगोळा बांधतोस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरीफने दुकानातली वीस कापडं गच्चीवर मांडली. मांजरपाट, लिनन, दोन प्रकारची खादी, तंबूचं कापड, उशीच्या अभ्र्याचं. आयुष्यभर गिऱ्हाईकाला जे कापड नको ते कसं गळ्यात मारायचं याचा अभ्यास केलेल्या माणसाने पहिल्यांदाच प्रामाणिकपणे कापड निवडलं. पुढचे तीन शुक्रवार तो गाडीत पुढे बसला, दयानंद मागे. बार उडाला की अर्बाब पुठ्ठ्याकडे बघायचे, आणि शरीफ वाळूत रांगत चकती शोधायचा. सापडली की डॉक्टरने एक्स-रे धरावा तशी सूर्यासमोर धरायचा.

"ही भाजली नाही, पण घडीवर चिरली. नको."

"ही?"

"ही घट्ट आहे, तुझा गज आत जाताना कण्हत होता. नको."

शेवटी गादीपाट जिंकला. गादीच्या खोळीचं, निळ्या पट्ट्यांचं, घट्ट विणीचं कापड. चकती अखंड आली, मध्ये फक्त काजळीची एक गोल टिकली. आणि पुठ्ठ्यावर पाच भोकं तळहाताखाली झाकली गेली. अर्बाबांनी स्वतःचा तळहात ठेवून बघितला, मग दयानंदचा ठेवायला लावला, मग शरीफचा. शरीफचा लहान पडला. त्याचं त्याला वाईट वाटलं.

"झालं!" अर्बाब म्हणाले. "आता कॉफी."

झालं नव्हतं. एप्रिल उजाडला आणि झांझिबारी बिघडली. सकाळी सातचे बार तळहातात, नऊचे पुन्हा ताटात, दहाचे पुठ्ठ्याबाहेर. अर्बाबांनी डोळे तपासून घेतले. खल्फान त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि येताना दिव्याच्या शेडचे तीन नमुने दाखवून गेला. क्रीम, तपकिरी आणि झालरीचा. अर्बाब म्हणाले, "झालर नको." हे ऐकून दयानंदने हातातली कानस खाली ठेवली. बाप शेड निवडायला लागला होता.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळे पुठ्ठे दोरीवरून काढले आणि वेळेप्रमाणे लावले. दारू तीच, कापड तेच, गोळी तीच. बदलत होतं फक्त ऊन. त्याने चकत्यांची डबी उघडली. चकत्यांना लावलेली मेंढीची चरबी ओमानच्या उन्हात पातळ होऊन डबीच्या तळाशी जमली होती आणि वरच्या चकत्या कोरड्या ठणठणीत. कोरडी चकती नळीतली काजळी उचलत नाही. काजळी चिकटत जाते, आणि प्रत्येक बाराला नळी वेगळी होते. आधी खोबरेल वापरून बघितलं होतं, ते तर सकाळीच पाणी. मोटारीचं ग्रीस लावलं तर काळं, चिकट, डांबरासारखं.

संध्याकाळी कलावतीचा व्हिडिओ कॉल आला.

"ऐकलात? टाचांक मुठेल लावतात काय नाय? गेल्या खेपेक पाठवलंय तां तसाच आसतला."

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. थिजून दगडासारखं होतं, म्हणून मुठीने वळून गोळे करतात आणि हिवाळ्यात भेगांना लावतात. दयानंदने कपाटातून पुडी काढली. ओमानच्या खोलीत, पंखा बंद, बाहेर चाळीसच्या जवळपास हवा, आणि गोळा जसाच्या तसा. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. बोटावर चोळला तर विरघळला.

तो फोनकडे बघतच राहिला.

"काय झाला? असे काय बघतात?"

"कला," तो म्हणाला, "तू नसतस तर काय झाला असता?"

तीस वर्षांत असं वाक्य आलं नव्हतं. मग कलावतीने विचारलं, "टाचो बऱ्यो झाल्यो?"

"टाचांक नाय. बंदुकेक लावतलंय."

तिने फोन ठेवला. पण पुढच्या महिन्यात गावचा कुणी येणार होता, त्याच्या पिशवीत तिने मुठेलाचे बावीस गोळे भरून दिले. चिठ्ठीत लिहिलं होतं: अर्धे टाचांना.

मुठेलात अर्बाबांच्या गावच्या पोळ्यातलं थोडं मेण मिसळलं. चकत्या उन्हात ठेवल्या, हलल्या नाहीत. सकाळी सातचा बार, नऊचा बार, अकराचा बार, तिन्ही एका तळहातात. फक्त एक अट होती: दर बारानंतर ओल्या फडक्याने नळी दोनदा पुसायची. नाही पुसली तर पुढचा बार वीतभर वर.

मे महिन्यात गावच्या पंचांचा निरोप आला, आणि त्यात नियम लिहिला होता जो कुणी आधी सांगितलाच नव्हता, कारण गावात तो सगळ्यांना ठाऊक होता: ज्याने बार उडवायचा, त्यानेच भरायचा. दुसऱ्याचा हात लागला की बाद.

"म्हणजे मी?" अर्बाब म्हणाले.

"म्हणजे तुम्ही," दयानंद म्हणाला, आणि खाली बसला.

तीन आठवडे शिकवणी चालली. अर्बाब गज असा हाणायचे की जणू मसाला कांडतायत. दयानंदने गजावर चांदीची एक बारीक कडी बसवली. कडी नळीच्या तोंडाशी टेकली की थांबायचं. दारू पितळेच्या तीन नळकांड्यांत आधीच मोजून, बुचं लावून. चकत्या डबीत. "पुसायचं," दयानंद दर वेळी म्हणायचा. "किती वेळा सांगशील?" अर्बाब म्हणायचे, आणि पुसायचे. कधी पुसायचे नाहीत.

ईदच्या तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या त्या गावात सकाळी सात वाजता दोनशे माणूस जमलं होतं. पांढरे पायघोळ दिशदाशे, कमरेला खंजीर, मोठ्या किटल्यांतून कॉफी. शंभर पावलांवर दगडांच्या ढिगावर पत्र्याची थाळी, प्रत्येकाला नवी. दयानंद आणि शरीफ दोरीमागे, बघ्यांत. खल्फान बाजूलाच उभा होता, आणि खरं सांगायचं तर तोही नखं खात होता.

अकरा बंदुका झाल्या. एका शेजारगावच्या गृहस्थांनी दोन लावले, तिसरा हुकला. मग सैफ बिन नासर झांझिबारी घेऊन पुढे आले.

पहिला बार. धूर, आणि धुरापलीकडून 'टण्ण!'. दुसरा, अर्बाबांनी नीट पुसून भरलेला. पुन्हा 'टण्ण!', जरासा कडेला. लोक उठून उभे राहिले. "यल्ला सैफ! यल्ला!" दोनशे माणसं ओरडायला लागली. अर्बाबांचा चेहरा लाल झाला, आणि त्यांनी सरळ तिसरं नळकांडं उचललं.

"पुसलं नाही!" शरीफ दयानंदच्या कानात कुजबुजला. "खोक! नुसता खोक, त्यांना कळेल!"

"नाय."

"अरे दिवा होईल तिचा! झालरीचा!"

"दुसऱ्याचो हात नाय, म्हणजे खोकलो पण नाय," दयानंद म्हणाला. त्याने हात पाठीमागे बांधले आणि जमिनीकडे बघितलं. चार महिन्यांतली ती सगळ्यात लांब दोन मिनिटं होती, आणि त्यातही तो कुणाकडे बघत नव्हता.

अर्बाबांनी नळकांड्याचं बूच काढलं. नळीच्या तोंडापाशी नेलं. आणि थांबले. सगळं गाव यल्ला-यल्ला करत असताना बहात्तर वर्षांच्या उतावळ्या माणसाने बूच पुन्हा लावलं, नळकांडं खाली ठेवलं, फडकं ओलं केलं आणि नळी पुसली. एकदा. मग फडकं उलटं करून, सगळ्यांना दिसेल असं, दुसऱ्यांदा. मग दारू, चकती, गोळी. कडी तोंडाशी टेकली तसे थांबले. घोड्याखाली बार पेटवणारी टोपी बसवली. नेम धरला.

या वेळी धूर वाऱ्याने बघ्यांच्याच अंगावर आला, काही दिसेना. 'टण्ण!' आधी ऐकू आलं आणि खल्फान सगळ्यांच्या आधी ओरडला.

थाळी आणली तेव्हा तिच्यात तीन भोकं होती, सुपारीएवढी.

कॉफीच्या बैठकीत गावचे सगळ्यात वयस्क पंच, ज्यांचं वय विचारायची कुणाची हिंमत नाही, त्यांनी विचारलं, "सैफ, असा बार कुणी भरला?"

"मी," अर्बाब छाती काढून म्हणाले.

शरीफ खवळला. "बघ! बघ! एकतीस वर्षं! नाव तरी घ्यायचं!"

पण दयानंद हसत होता. हसत म्हणजे चक्क दात दिसत होते. आम्ही फोटो बघितलाय. "खरा ता सांगतत," तो म्हणाला. "तेंनीच भरलो. त्यांच्या हातान भरूनसुद्धा लागलो, शरीफभाय! त्यांच्या हातान!" बार बनवणाऱ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र असू शकत नाही, आणि ते त्याला दोनशे लोकांसमोर मिळालं होतं. मग अर्बाबांनी दोन घोट कॉफी घेतली, दोरीकडे बोट केलं आणि म्हणाले, "आणि मला भरायला त्याने शिकवलं. इकडे ये रे, तिथे काय करतोस?" दयानंदला पंचांच्या शेजारी बसवलं.

दुपारी खल्फान कागद-पेन घेऊन त्याच्याकडे आला. शेडचा विषय त्याने काढला नाही.

"ही घरीच राहणार. पण उद्या तुम्ही नसलात, बाबा नसले, तर मला कसं कळणार? सगळं सांगा, मी लिहून पेटीत ठेवतो."

दयानंदने सांगितलं. मापाचे किती आटे, कोणतं कापड, मुठेल किती, मेण किती, कडी कुठवर, पुसायचं किती वेळा. खल्फान अरबीत लिहीत गेला. एका गादीच्या कापडासाठी अरबीत नेमका शब्द कोणता यावर बापलेकांचा अर्धा तास वाद झाला. शेवटी खल्फानने विचारलं, "खाली नाव काय घालू? बार कुणाचा?"

दयानंद विचारात पडला. "अर्बाबांचं घाल," तो म्हणाला. "मग माझं. मग शरीफचं. आणि कलावतीचं."

"माझं तिसरं?" शरीफ म्हणाला. "गादीपाट कुणाचा होता?"

"बरं. शरीफचं दुसरं घाल."

"आणि नुसतं शरीफ नको," शरीफ खल्फानच्या खांद्यावरून कागदात डोकावत म्हणाला. "लिही: शरीफ, कापडाचे व्यापारी, मत्रह बाजार. घाऊक व किरकोळ."

खल्फानने लिहिलं. झांझिबारीच्या पेटीत आजही तसंच लिहिलेलं आहे.